ट्रेलर चालवणारा माणूस ट्रेलरच्या परीक्षेत का अडला

ब्रिटनमध्ये ज्याला आर्टिक लॉरी म्हणतात ती म्हणजे आपला घोडा-ट्रेलर. पुढे इंजिनवाला घोडा, त्याच्या पाठीवर टेकलेला ट्रेलर, दोन्ही मिळून साडेसोळा मीटरपर्यंत लांब आणि सहा आसांवर भरून ४४ टनांपर्यंत जड. ती चालवायला सी प्लस ई वर्गाचं लायसन्स लागतं. हे प्रकरण त्या लायसन्सच्या परीक्षेचं आहे. परीक्षा देणारा नवशिका नव्हता. मूळचा सांगोला तालुक्यातला, न्हावा शेव्याला बरीच वर्षं कंटेनर ओढलेला. बायको नर्स आहे. तिला इंग्लंडमध्ये रुग्णालयात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर हाही आला. मी इंग्लंडच्या मध्य भागात, मिडलँड्समध्ये, लॉरीचे चालक तयार करतो, त्यामुळे कुणाच्या तरी ओळखीने तो माझ्यापर्यंत पोचला. त्याचं नाव इथे देत नाही, बाकी सगळं त्याच्या संमतीने लिहितोय.

पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "दादा, मला फक्त इथले नियम सांगा. गाडी मला येते."

गाडी त्याला येत होती, यात शंकाच नाही. उभ्या ट्रेलरभोवती फिरताना टायरवर हात कसा ठेवतो, एवढ्यावरून माणूस कळतो. तरी पहिल्या प्रात्यक्षिकात तो नापास झाला, आणि तो निकाल बरोबर होता असं माझं ठाम मत आहे.

आधीची पायपीट

भारतातलं लायसन्स ब्रिटनमध्ये बदलून मिळत नाही. पहिलं वर्षभर त्यावर मोटार चालवता येते, लॉरी नाही. लॉरीचं शिकाऊ लायसन्स मिळायचं तर हातात मोटारीचं पक्कं लायसन्स हवं. म्हणजे चाळीस फुटी कंटेनर ओढलेल्या माणसाने आधी छोट्या गाडीची परीक्षा द्यायची. त्याने कुरकुर न करता दिली. मग डॉक्टरांची तपासणी, तिचा डी-४ अर्ज, सोबत डी-२ अर्ज. कंटाळवाणं काम, पण सरळ.

लेखी परीक्षा संगणकावर असते. शंभर प्रश्न, त्यातले ८५ बरोबर यायला हवेत. २०१४ पासून ही परीक्षा फक्त इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये देता येते. त्याचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण वजन, आस, हवेचा दाब, कंटेनर बांधणं हे विषय त्याच्या रोजच्या भाकरीचे, त्यामुळे शब्द पटापट बसले. अडचण धोके ओळखण्याच्या भागात आली. यात रस्त्याच्या १९ चित्रफिती दाखवतात, त्यांत मिळून २० धोके उलगडत जातात, आणि धोका आकार घेऊ लागला की माऊसचं बटण दाबायचं. जितकं लवकर ओळखाल तितके गुण. शंभरात ६७ लागतात. सरावात याला फितीमागून फितीत शून्य मिळू लागलं. कारण शोधलं तर हा सतत बटण दाबत होता. कडेला माणूस दिसला, दाबलं. सायकल दिसली, दाबलं. गल्लीतून मोटारीचं नाक दिसलं, पुन्हा दाबलं. उरण-पनवेलच्या रस्त्यांवर घडलेली नजर प्रत्येक हलत्या गोष्टीला धोका मानते, आणि तिथे ते बरोबरच आहे. पण इथली प्रणाली सारखं बटण दाबणाऱ्याला त्या फितीत गुणच देत नाही. त्याला शिकवावं लागलं ते एवढंच: असू शकणारा धोका आणि होऊ लागलेला धोका यांत फरक कर. महिनाभरात जमलं. प्रसंगांवर आधारित दुसरा पेपर, ५० पैकी ४० लागतात तो, त्याने सहज काढला.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. पूर्वी ब्रिटनमध्ये आधी अखंड लॉरीची, म्हणजे ट्रेलर न जोडलेल्या सी वर्गाच्या गाडीची परीक्षा द्यावी लागे आणि मगच आर्टिकची. चालकांचा तुटवडा ऐरणीवर आल्यावर १५ नोव्हेंबर २०२१ पासून थेट सी प्लस ईची परीक्षा देता येऊ लागली. याच्यासारख्या माणसाला हे रास्तच आहे. फक्त मोटार चालवून आलेल्या पोराला मात्र मी आजही आधी अखंड लॉरीवर बसवतो, कायदा काहीही म्हणो.

क्लीनरचा आवाज

प्रात्यक्षिकाचा पहिला भाग, ३अ, रस्त्यावर नसतो. मोकळ्या आवारात दोन गोष्टी करून दाखवायच्या: इंग्रजी एस अक्षराच्या वळणाने रिव्हर्स घेत शंकूंनी आखलेल्या खणात गाडी नेऊन लावायची, आणि ट्रेलर सोडून परत जोडायचा. परीक्षेची गाडी कशी हवी हेही ठरलेलं आहे. निदान १४ मीटर लांब, २० टन क्षमतेची, मागे चारी बाजूंनी बंद पेटी, आणि प्रत्यक्षात भार घातलेली, एकूण १५ टनांच्या खाली नाही. भार म्हणून आम्ही हजार लिटरच्या पाण्याच्या टाक्या ठेवतो.

रिव्हर्समध्ये त्याला माझी गरज पडणार नाही असं त्याला वाटत होतं. घोड्याची चाकं डावीकडे वळवली की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे जातं, मग घोडा ट्रेलरच्या मागे लावत न्यायचा, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. पहिल्या खेपेला अर्धं वळण त्याने इतकं सुरेख घेतलं की मी नुसता बघत राहिलो. मग शेपटाने दुसरी बाजू धरली आणि गाडी शंकूवर गेली. परत घेतली, परत त्याच जागी. पहिला अर्धा सुंदर, दुसरा अर्धा अंदाजपंचे.

मी केबिनमध्ये शेजारी बसलो आणि रस्त्याकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. ट्रेलर उजवीकडे वळतो तेव्हा उजव्या आरशात त्याची अख्खी कूस दिसते. चालकही उजवीकडेच बसलेला, काच खाली केली तर मानही बाहेर काढता येते. ट्रेलर डावीकडे वळू लागला की उजवा आरसा रिकामा होतो आणि सगळी माहिती डाव्या आरशात, केबिनच्या पलीकडच्या टोकाला जाते. नेमक्या त्या क्षणी याचे डोळे डाव्या आरशाकडे जातच नव्हते. तो किंचित मान तिरकी करून थांबत होता. ऐकत होता.

न्हावा शेव्याला त्याच्याबरोबर कायम क्लीनर असायचा. रिव्हर्स म्हटलं की क्लीनर उतरून डाव्या अंगाला मागे जाणार आणि "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" ओरडत ट्रेलरच्या पत्र्यावर थाप मारणार. इतक्या वर्षांत डाव्या बाजूचं रिव्हर्स त्याने डोळ्यांनी कधी केलंच नव्हतं, कानांनी केलं होतं. शिवाय कंटेनर नसलेला ट्रेलर म्हणजे नुसता सांगाडा, केबिनच्या मागच्या काचेतून आरपार मागची चाकं दिसतात. इथल्या बंद पेटीत ती सोय नाही.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यासाठी. त्याचं कौशल्य खोटं नव्हतं. ते दोन माणसांत वाटलेलं होतं, आणि ब्रिटनमध्ये केबिनमध्ये एकच माणूस असतो. अशा माणसाला नवशिक्यासारखं शिकवलं तर तो चिडतो, कारण निम्मं त्याला तुमच्याइतकंच येतं. उरलेलं निम्मं त्याचं त्यालाही दिसत नाही, कारण ते आजवर कुणीतरी दुसरा न बोलता करत आला.

मी स्टिअरिंगबद्दल बोलणं बंद केलं. त्याला खाली उतरवलं आणि एक दुसरा शिकाऊ गाडी मागे घेत असताना याला क्लीनरच्या जागी उभं केलं. "आता तू सांग." तो लगेच सांगू लागला, आणि बरोबर सांगत होता. मागचा कोपरा शंकूपासून किती लांब, शेपूट कधी जास्त फिरतंय, केव्हा बस म्हणायचं. मग त्याला परत स्टिअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, तेच शब्द आता डाव्या आरशात बघून मोठ्याने म्हण.

"दादा, आरशात काहीच दिसत नाही."

"मग थांब. उतर, बघून ये, परत बस."

तो उतरला, मागे जाऊन आला. पुन्हा थोडी हलवली, पुन्हा उतरला. हळूहळू आरशातलं चित्र आणि जमिनीवरची जागा यांची सांगड बसू लागली. काही दिवस आवारात मराठीत "येऊ दे, येऊ दे" चालू होतं आणि बाकीचे शिकाऊ बघत राहायचे. मग आवाज आपोआप बारीक झाला, ओठ हलत राहिले, गाडी खणात जाऊ लागली. मागचा काठ शेवटच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यात येऊन थांबू लागला.

लाल नळी

ट्रेलर सोडणं आणि जोडणं याकडे शिकाऊ लोक पाठांतराचा भाग म्हणून बघतात. माझ्या मते आर्टिकच्या परीक्षेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच, कारण इथे चालक केबिनबाहेर, दोन अवजड वस्तूंच्या मधल्या जागेत उभा असतो.

ट्रेलरच्या ब्रेकला हवा घोड्याकडून जाते. नळ्या दोन: लाल आणि पिवळी. लाल नळीतून ट्रेलरच्या टाकीत हवा भरत राहते, पिवळीतून पायाखालच्या ब्रेकचा हुकूम जातो. लाल नळी काढली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, आणि चालकाला वाटतं, झालं काम. पण ते ब्रेक टाकीतल्या हवेच्या जोरावर धरलेले असू शकतात, आणि उभ्या ट्रेलरमधली हवा तासागणिक झिरपत जाते. म्हणून ट्रेलरच्या अंगावर पार्किंग ब्रेकचं वेगळं बटण असतं आणि ते हाताने लावायचं असतं. याची दुसरी बाजू जास्त भयंकर आहे. लाल नळी परत जोडली की हवा आत शिरते आणि ते आपोआप लागलेले ब्रेक सुटतात. त्या क्षणी ट्रेलरचं बटण लावलेलं नसेल, घोड्याचा हँडब्रेकही राहिला असेल आणि जमिनीला जरा उतार असेल, तर अख्खी गाडी चालू लागते. ब्रिटनमध्ये असे चालक मेले आहेत. काही जण धावत जाऊन केबिनमध्ये चढायच्या धडपडीत चिरडले गेले.

म्हणून क्रम ठरलेला आहे. सोडताना: घोड्याचा हँडब्रेक, इंजिन बंद, ट्रेलरचं पार्किंग बटण, ट्रेलरचे पाय खाली, नळ्या आणि विजेच्या वायरी काढून नीट अडकवणं, ट्रेलरवर लावलेली घोड्याची नंबर प्लेट काढणं, टर्नटेबलची (घोड्याच्या पाठीवरची, ट्रेलर टेकतो ती जोडाची तबकडी) सेफ्टी क्लिप काढून जबडा उघडणारी दांडी ओढणं, मग सावकाश पुढे. जोडताना मागे घेण्याआधी उतरून दोन गोष्टी बघायच्या: ट्रेलरचा ब्रेक लागलेला आहे ना, आणि ट्रेलरची उंची टर्नटेबलला जुळते ना. उंची चुकली तर किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालची जोडाची खुंटी, टर्नटेबलच्या जबड्यात न बसता वरून सरकते आणि ट्रेलर केबिनवर येतो. जबडा मिटल्यावर खालच्या गिअरमध्ये पुढे ओढून बघायचं. ही ओढ कामाची तेव्हाच, जेव्हा ट्रेलरचा ब्रेक घट्ट आहे. नाहीतर ट्रेलर नुसताच मागून येईल आणि जोड बसला की नाही ते कळणारच नाही. मग पुन्हा उतरून जबडा डोळ्यांनी बघायचा, क्लिप लावायची, नळ्या जोडायच्या, पाय वर घ्यायचे, प्लेट, दिवे, सगळ्यात शेवटी ट्रेलरचा ब्रेक सोडायचा.

सरावात त्याने हा क्रम शिकला. पण तो क्रम म्हणून शिकला, आणि मला तेव्हाच थोडी धास्ती वाटत होती. न्हावा शेव्याला त्याच्या गाडीचा घोडा आणि ट्रेलर क्वचितच वेगळे व्हायचे. झालेच तर पाय फिरवणं, नळ्या, क्लिप हे क्लीनरचं काम. हा केबिनमध्ये.

परीक्षेच्या दिवशी रिव्हर्स उत्तम झालं. ट्रेलर नीट सोडला, घोडा शेजारी नेऊन उभा केला, परत समोर आणला, आणि न उतरता सरळ ट्रेलरखाली घातला. जबडा मिटला, ओढून बघितलं, उतरला, नळ्या जोडल्या, पाय वर घेतले. क्लिप तशीच लटकत राहिली. नापास.

बाहेर आल्यावर तो रागावलेला होता. "मघाशी मीच ब्रेक लावला होता की दादा. पाच मिनिटांपूर्वी. परत काय बघायचं?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. मी त्याला लटरवर्थजवळच्या एका मोठ्या गोदामाच्या आवाराकडे नेलं आणि कुंपणाबाहेरून दाखवलं. रांगेने सोडून ठेवलेले ट्रेलर, एकाही ट्रेलरला घोडा नाही. इथे चालक एक ट्रेलर सोडतो, दुसरा उचलतो आणि निघतो. तो दुसरा ट्रेलर कुणी सोडला, काल की परवा, ब्रेक लावला की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. परीक्षेत ट्रेलर तुझाच असतो, पण परीक्षक तुला अनोळखी ट्रेलर जोडताना बघत असतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "क्लिपचं मात्र चुकलंच."

त्यानंतर मी त्याला क्रम पाठ म्हणायला लावलं नाही. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न: हे केलं नाही तर काय होईल, कुणाला होईल? कधी मी आधीच जाऊन एखादी गोष्ट बिघडवून ठेवायचो. बटण सोडलेलं, पाय जरा जास्त वर, क्लिप काढून खिशात. त्याने शोधायचं. दुसऱ्या वेळी तो पास झाला. बघताना जाणवलं की तो आधीपेक्षा सावकाश काम करत होता आणि तरी आधीपेक्षा लवकर आटोपला.

आपल्या कायद्याचा विचार इथे मनात येतोच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सेमी-ट्रेलर जोडलेल्या गाडीची स्वतंत्र व्याख्या आहे. पण लायसन्सच्या वर्गांमध्ये मालवाहू गाड्यांसाठी 'परिवहन वाहन' हा एकच मोठा वर्ग. याने महाराष्ट्रात हेवीची परीक्षा दिली ती अखंड ट्रकवर, आणि त्याच लायसन्सवर पुढे ट्रेलर ओढला. ट्रेलर कसा सोडायचा, कसा जोडायचा हे त्याला कुणी विचारलं नाही. २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले, त्यात जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. ते चांगलंच आहे. पण देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी एक ज्या राज्यात आहे, तिथे ट्रेलर चालवणाऱ्याची परीक्षा ट्रेलरवरच व्हायला हवी. आणि क्लीनरलाही त्या शिक्षणात बसवायला हवं. मधल्या जागेत उभा असतो तो तोच.

रस्त्यावर आणि नंतर

३ब म्हणजे रस्त्यावरची परीक्षा, सुमारे तासाभराची. लहान दोष पंधरापर्यंत चालतात, गंभीर एकही नाही. इथे त्याला फार त्रास झाला नाही. राउंडअबाउटमध्ये ट्रेलरची मागची चाकं घोड्यापेक्षा आतून येतात आणि कडेच्या फरसबंदीवर चढतात, ती चढली की खेळ संपला. म्हणून गरज पडली तर दोन लेन घ्यायच्या, पण आरशात बघून, इशारा देऊन. हाताला हॉर्न लागत होता तो सुटायला वेळ गेला. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर कायद्याने ६०, पण लॉरीतला स्पीड लिमिटर ५६ लाच धरतो, हे अंगवळणी पडलं. चौथा भाग तोंडी आणि हाताने दाखवायचा असतो. पाच विषय, प्रत्येकी २० पैकी किमान १५, एकूण ८० लागतात. माल बांधण्याच्या विषयावर परीक्षकाने विचारलं त्याहून जास्त त्याने सांगितलं. कंटेनर ट्रेलरला पक्का धरणाऱ्या ट्विस्ट लॉकबद्दल तर त्याला थांबवावं लागलं.

आता तो एका एजन्सीतर्फे मिडलँड्सहून ए-१४ रस्त्याने फेलिक्सस्टो बंदरात जातो. पुन्हा कंटेनरच. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि गाडीतला टॅकोग्राफ, म्हणजे चालवण्याच्या वेळा नोंदवणारं यंत्र, तिची नोंद ठेवतो. न्हावा शेव्याला असं काही नव्हतं, आणि ही एक गोष्ट त्याला मनापासून आवडते. केबिनमध्ये गाडीची उंची फुटांत आणि इंचांत लिहून ठेवावी लागते. इथे १६ फूट ६ इंचांपेक्षा ठेंगण्या पुलांवर पाट्या असतात, तरी रेल्वेच्या पुलांना लॉरी धडकायच्या थांबत नाहीत. कंटेनर बदलला की उंची बदलते. तो दर खेपेला आकडा खोडून नवा लिहितो, आणि पहिले काही आठवडे मला फोटो पाठवत होता.

डावीकडचं आंधळं रिव्हर्स अजून त्याला नकोसं वाटतं. अरुंद गोदामात ती वेळ आली की तो मध्येच थांबून उतरतो, मागे जातो, बघून येतो. मागे खोळंबलेले चालक हॉर्न वाजवतात. मी त्याला सांगितलंय, वाजवू दे, तू उतर. पुढच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी आवार मोकळं असेल तेव्हा आम्ही पुन्हा शंकू मांडणार आहोत, फक्त डाव्या बाजूसाठी.